कुरआनसमोर रात्रभर उभा राहिलेला माणूस आणि वऱ्हाडची शहजादी

२०२० चा रमजान आठवतो ना? लॉकडाऊन होता. मशिदी बंद, तरावीह घरात. पुसदच्या आमच्या मोहल्ल्यात संध्याकाळी एरवी जी गजबज असते, ती नव्हती. इफ्तार झाली की घरातली मुले एका मोबाइलभोवती गोळा व्हायची आणि एर्तुग्रुल गाझीवरची तुर्की मालिका उर्दूत बघत बसायची. माझी बहीण मुलासह माहेरी आली आणि इथेच अडकली होती. भाचा तेव्हा तेरा वर्षांचा. एका रात्री तो माझ्याजवळ येऊन बसला.

"मामू, तुम्हाला उस्मान गाझींची गोष्ट माहीत आहे का? ते एका बुजुर्गांच्या घरी मुक्कामाला गेले. खोलीत कुरआन शरीफ होते. त्याच्यासमोर पाय कसे पसरायचे म्हणून ते झोपलेच नाहीत, रात्रभर हात बांधून उभे राहिले. म्हणून अल्लाहने त्यांच्या खानदानाला सहाशे वर्षे राज्य दिले. खरे आहे का हे?"

मी म्हणालो, "असे सांगतात."

त्याने वर पाहिले. भिंतीतल्या उंच फळीवर, हिरव्या मखमली जुझदानात, माझ्या वडिलांचे कुरआन ठेवलेले होते. आमच्या घरात त्याहून उंच काही ठेवलेले नाही.

"आपणही तर कुरआन सगळ्यांत वर ठेवतो. मग आपल्याला काय मिळाले?"

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण तो प्रश्न गेला नाही. मी इतिहासाचा वाचक आहे. जी गोष्ट आपण मुलांना इतक्या सहज सांगतो, ती आधी तपासावी म्हणून पुस्तके काढली. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो. शेवटी हा प्रश्न तुर्कस्तानचा राहत नाही, पुसदचाच होतो.

गोष्ट आणि इतिहास

उस्मान हा एर्तुग्रुलचा मुलगा. आजच्या तुर्कस्तानच्या वायव्य भागातले सोगुत हे त्याचे गाव. त्याच्याच नावावरून पुढे उस्मानी सल्तनत हे नाव पडले. त्याच्याबद्दल दोन गोष्टी सांगितल्या जातात. एक भाच्याने सांगितलेली. दुसरी स्वप्नाची. शेख एदेबाली नावाच्या सूफींच्या घरी झोपलेला असताना उस्मानला दिसले की शेखांच्या छातीतून चंद्र निघून आपल्या छातीत शिरला आणि आपल्या नाभीतून एक झाड उगवले. त्या झाडाच्या सावलीत पर्वत आले, नद्या आल्या. शेखांनी अर्थ सांगितला की तुझ्या वंशाला राज्य मिळेल, आणि आपली मुलगी त्याला दिली.

आता इतिहासकाराने विचारायचे ते विचारू. हे लिहिले कोणी आणि कधी? उस्मानचा मृत्यू १३२४ च्या सुमाराचा. या गोष्टी ज्या ग्रंथांत सापडतात, ते आशिकपाशाजादे आणि नेश्री यांचे ग्रंथ पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातले, म्हणजे दीडशेहून अधिक वर्षांनंतरचे. दुसरे असे की कुरआनसमोर रात्र जागवणारा माणूस एका परंपरेत उस्मान आहे, तर दुसऱ्या परंपरेत त्याचा बाप एर्तुग्रुल. एकच गोष्ट बाप आणि मुलगा दोघांच्या नावावर सांगितली जाते, तेव्हा ती लोकांच्या तोंडून फिरत आलेली आहे हे ओळखावे. उस्मानच्या हयातीत त्याची दखल घेणारा लेखक मुसलमान नव्हता. तो बायझंटाईन इतिहासकार पाखिमेरेस. १३०२ मध्ये उस्मानने बायझंटाईन फौजेचा पराभव केला, म्हणून त्याने त्याचे नाव लिहिले. त्याला उस्मानच्या रात्रीच्या इबादतीशी काही देणेघेणे नव्हते.

मग गोष्ट खोटी आहे का? मी असे म्हणणार नाही. उस्मानने अशी रात्र काढलीही असेल. पुरावा नाही एवढेच खरे. पण गोष्ट ज्या काळात लिहिली गेली तो काळ बघा. १४५३ मध्ये कॉन्स्टॅन्टिनोपल घेतले गेले होते. एक छोटी टोळी साम्राज्य झाली होती. इतके मोठे यश मिळाले की त्याचे कारणही तेवढेच मोठे हवे असते. राजे तलवारीचा हिशेब देत नाहीत, आशीर्वादाचा देतात. जगातल्या बहुतेक राजघराण्यांनी हेच केले आहे.

एकोणीस जनाजे

गोष्ट खरी धरली तरी एक मोठी अडचण उरते. आदराचे बक्षीस म्हणून अल्लाहने राज्य दिले असे म्हटले, तर त्या राज्यात जे जे घडले त्याचे काय?

१५९५ मध्ये तिसरा मेहमद गादीवर आला. गादीसाठी भांडण नको म्हणून त्याने आपल्या एकोणीस भावांना गळा आवळून मारवले. त्यांत लहान मुलेही होती. बापाच्या मागोमाग एकाच वाड्यातून एकोणीस जनाजे निघाले. ही दंतकथा नाही, नोंदलेला इतिहास आहे. भाऊ मारण्याची ही रीत त्या आधीपासून चालत आली होती, तिला कायद्याचे रूपही दिले गेले होते. त्या वाड्यात कुरआनचा आदर कमी होता का? मुळीच नाही. तोपकापीच्या ज्या दालनात प्रेषितांची (स.) पवित्र वस्त्रे जपली गेली, तिथे शतकानुशतके कुरआनपठण होत आले. सोन्याच्या शाईने लिहिलेल्या प्रती तिथल्या कातिबांनी केल्या, त्या आजही बघणाऱ्याचे डोळे दिपवतात.

म्हणजे ग्रंथाला चुंबन देणारे आणि भावाच्या गळ्याला दोरी लावणारे हात एकाच घरातले होते. माणसाला हे जमते. म्हणूनच सूरह बकराच्या १२४ व्या आयतीकडे पुन्हा पुन्हा जावे लागते. हजरत इब्राहीम (अ.) यांना मानवजातीचे नेते केले गेले. त्यांनी विचारले, माझ्या संततीचे काय? उत्तराचा आशय असा की अल्लाहचे वचन अत्याचाऱ्यांपर्यंत पोहोचत नाही. खुद्द इब्राहीमांच्या (अ.) वंशाला जिथे सरसकट हमी नाही, तिथे सोगुतच्या सरदाराच्या वंशाला ती कुठून मिळणार?

१३२४ चा कागद

पण इतिहास फक्त मोडत नाही, तो देतोही. शोधता शोधता एक गोष्ट सापडली, जी मला त्या रात्रीच्या गोष्टीपेक्षा सुंदर वाटली.

उस्मानी घराण्याचे जे सर्वांत जुने कागद आज ज्ञात आहेत, त्यांत एक फारसी दस्तऐवज आहे, मार्च १३२४ चा. उस्मानचा मुलगा ओरहान याचा. त्यात किल्ला घेतल्याची बढाई नाही, शत्रू मारल्याची यादी नाही. ते वक्फनामा आहे. मेकेजे नावाच्या गावाचे उत्पन्न एका खानकाहला लावून दिले आहे. तिथे वाटसरू, गरीब, दरवेश आणि इल्म शिकणारे यांची सोय व्हावी म्हणून. देखरेखीला नेमला तो एक मुक्त केलेला गुलाम.

विचार करा. ज्या घराण्याची सुरुवात आपण एका रात्रीच्या उभे राहण्यात शोधतो, त्या घराण्याची हाती येणारी पहिली खूण म्हणजे परक्या माणसाच्या जेवणाची आणि पाठ टेकण्याची व्यवस्था. कुरआनमध्ये वाटसरूचा हक्क किती वेळा सांगितला आहे हे वाचणाऱ्याला माहीत आहे. कोणीतरी ते वाचले होते, नुसते वर ठेवले नव्हते.

आणि हे बीज उगवत गेले. १५५२ च्या सुमारास सुलतान सुलेमानची पत्नी हुर्रम हिने जेरुसलेमात, म्हणजे बैतुलमुकद्दसमध्ये, गरिबांसाठी लंगरखाना बांधला. शेतजमिनींचे उत्पन्न त्याला लावून दिले. डिसेंबर १९१७ मध्ये उस्मानी फौजा ते शहर सोडून गेल्या. त्यानंतर इंग्रज आले, जॉर्डन आले, इस्रायल आले. चूल विझली नाही. त्या वास्तूत आजही गरिबांना अन्न मिळते. सुलतान गेले, पण डेग राहिली.

मार्च १९२४

ओरहानच्या वक्फनाम्यानंतर बरोबर सहाशे वर्षांनी, ३ मार्च १९२४ रोजी, अंकाराच्या विधानसभेने खिलाफत रद्द केली. सुलतानपद १९२२ मध्येच गेले होते. अब्दुलमजीद दुसरे हे नुसते खलीफा उरले होते. चित्रकार माणूस, सुलेखनाची आवड, ग्रंथांचे वेड. त्या रात्री दोल्माबाहचे महालात अधिकारी हुकूम घेऊन आले तेव्हा ते वाचत बसले होते. काही वृत्तांत म्हणतात कुरआन, काही म्हणतात फ्रेंच लेखक माँतेन्यचे निबंध. पुन्हा तेच. सुरुवातीच्या रात्रीबद्दल दोन गोष्टी, शेवटच्या रात्रीबद्दलही दोन.

पहाटेपूर्वी त्यांना कुटुंबासह मोटारीत बसवले. इस्तंबूलच्या मोठ्या स्थानकावर गर्दी जमेल म्हणून दूरच्या चाताल्जा स्थानकावर नेले. गाडीला खूप वेळ होता. तिथला स्टेशनमास्तर ज्यू होता. त्याने या कुटुंबाला आपल्या घरात नेले, चहा दिला, बायकामुलांना विसावा दिला. खलीफांनी आभार मानले तेव्हा तो जे बोलला ते सोबतच्या सचिवाने लिहून ठेवले आहे. आशय असा की, आमच्या पूर्वजांना स्पेनमधून हाकलले तेव्हा तुमच्या घराण्याने आसरा दिला. आज तुमच्या वाईट दिवसांत तुमच्या कामी येणे हे आमचे कर्तव्य आहे.

स्पेनच्या राजाराणीने ज्यूंना हाकलले ते १४९२ मध्ये. सुलतान बायजीद दुसरा याने त्यांना आपल्या राज्यात घेतले. त्या एका उपकाराचा परतावा चारशे बत्तीस वर्षांनी, एका आडगावच्या स्थानकावर, एका चहाच्या पेल्यात मिळाला. तोपर्यंत साम्राज्य संपलेले होते, खजिना गेला होता, महाल मागे राहिला होता. उपयोगी पडली ती आसरा दिल्याची आठवण.

वऱ्हाडची शहजादी

इथून ही गोष्ट आपल्या अंगणात येते, आणि आपल्यापैकी फार थोड्यांना ती माहीत आहे.

खलीफा परागंदा होऊन फ्रान्समध्ये नीस इथे राहिले. हैदराबादचे निजाम मीर उस्मान अली खान यांनी त्यांना तनखा सुरू केला. १२ नोव्हेंबर १९३१ रोजी नीसमध्ये खलीफांची एकुलती एक मुलगी दुर्रुशेहवार हिचा निकाह निजामाच्या थोरल्या मुलाशी, आझम जाहशी झाला. याच वेळी धाकट्या मुलाचे लग्न उस्मानी घराण्यातल्याच नीलोफरशी झाले. १९३६ मध्ये इंग्रजांशी झालेल्या करारानंतर आझम जाहला पदवी मिळाली, 'प्रिन्स ऑफ बेरार', म्हणजे वऱ्हाडचा राजपुत्र. म्हणून दुर्रुशेहवार झाली वऱ्हाडची शहजादी.

वऱ्हाड म्हणजे कोण? अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ. म्हणजे आपणच. पुसद तालुका १९०५ पर्यंत वाशीम जिल्ह्यात होता, नंतर यवतमाळला जोडला. उस्मान गाझीच्या वंशातली शेवटच्या खलीफाची लेक कागदोपत्री आमच्या पुसदचीही शहजादी होती! भाच्याला हे सांगितले तेव्हा तो उडालाच.

पण कागदोपत्रीच. १८५३ च्या तहापासून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे होता. १९०२ मध्ये तो वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमचा त्यांच्याकडे गेला. पुसदच्या तहसीलीत वऱ्हाडच्या राजपुत्राचा हुकूम चालत नव्हता. इथला शेतकरी सारा भरायचा तो इंग्रजांना. सहाशे वर्षांच्या राज्याचे शेवटचे टोक आपल्या मातीला टेकले तेव्हा त्यात फक्त पदवी उरली होती.

खलीफा अब्दुलमजीद २३ ऑगस्ट १९४४ रोजी पॅरिसमध्ये वारले. इस्तंबूलमध्ये दफन व्हावे म्हणून लेकीने तुर्की सरकारकडे खूप विनंत्या केल्या. परवानगी मिळाली नाही. निजामाने खुल्दाबादजवळ त्यांच्यासाठी मकबरा बांधवला होता. तोही तसाच रिकामा राहिला. मय्यत जवळजवळ दहा वर्षे पॅरिसच्या मशिदीत ठेवलेली होती. शेवटी १९५४ मध्ये मदिन्याला, जन्नतुल बकीमध्ये जागा मिळाली. पूर्वजांनी तीन खंडांवर राज्य केले, आणि शेवटच्या खलीफाला साडेतीन हात जमिनीसाठी दहा वर्षे थांबावे लागले. आपल्याच मराठवाड्यातला तो रिकामा मकबरा या इतिहासावर जे भाष्य करतो, ते कोणत्याही पुस्तकात नाही.

आणि शहजादीचे काय राहिले? हैदराबादचे राज्य १९४८ मध्ये संपले. १९५६ मध्ये वऱ्हाड मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. पदवी इतिहासजमा झाली. त्या २००६ मध्ये लंडनमध्ये वारल्या. पण हैदराबादच्या पुरानी हवेलीत त्यांच्या नावाचे मुलांचे आणि सर्वसाधारण रुग्णालय आहे. आत जाणाऱ्या कितीतरी आयांना हे नाव कोणाचे ते माहीतही नसेल. त्यांची जाऊ नीलोफर हिची एक दासी बाळंतपणात गेली. ते दुःख तिने वाया जाऊ दिले नाही. त्यातून स्त्रिया आणि मुलांसाठी उभे राहिलेले नीलोफर रुग्णालय आजही हैदराबादच्या गोरगरिबांचा आधार आहे. आमच्याकडून नांदेडमार्गे हैदराबादला उपचारासाठी जाणाऱ्यांना ही दोन्ही नावे ठाऊक असतात.

बरकत म्हणजे काय?

आता भाच्याच्या प्रश्नाकडे वळतो. आपल्याला काय मिळाले, असे तो विचारतो, तेव्हा त्याच्या मनात बरकत म्हणजे मोबदला आहे. आदर द्या, राज्य घ्या. आपण मोठी माणसेही बरकतीचा अर्थ बहुधा हाच घेतो. दुकानात आयत लावली की गिऱ्हाईक वाढावे, घरात कुरआनखानी केली की अडचण टळावी.

अरबी भाषेत हा शब्द ज्या धातूपासून आला, त्यात एका जागी ठाम बसण्याचा अर्थ आहे. उंट जमिनीवर बैठक मारतो त्यासाठी हाच धातू. पाणी साठून राहते त्या हौदाला, तळ्याला 'बिरका' म्हणतात, तोही याच कुळातला. बरकत म्हणजे भरपूर येणे नव्हे. आलेले भले टिकून राहणे आणि इतरांना पुरणे. आपल्याकडे खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणतात, आमचे मापारी 'बरकत' म्हणतात. त्या शेतकऱ्याला राज्य नको असते. असलेले पुरावे एवढीच त्याची दुआ असते.

कुरआन स्वतःबद्दल काय म्हणते? सूरह सादच्या २९ व्या आयतीत या ग्रंथाला 'मुबारक', म्हणजे बरकतीचा, म्हटले आहे, आणि लगेच तो का उतरवला ते सांगितले आहे. लोकांनी त्याच्या आयतींवर विचार करावा म्हणून. बरकत आणि विचार एकाच आयतीत शेजारी आहेत. आणि सूरह रअदच्या १७ व्या आयतीत पुराची उपमा आहे. पुरावर आलेला फेस निघून जातो, लोकांच्या उपयोगाचे असते ते जमिनीत राहते. पुसदमध्ये राहणाऱ्याने पूस नदीचा पूर पाहिलेला असतो. तेव्हा वर किती गढूळ फेस असतो आणि ओसरल्यावर विहिरींना पाणी कसे चढते, हे आम्हाला समजवायला मुफस्सिर लागत नाही.

उस्मानी इतिहासाला हीच आयत लावून बघा. फौजा, महाल, पदव्या, एकोणीस जनाजे घालून राखलेली गादी हा सगळा फेस होता, निघून गेला. जेरुसलेमची डेग, स्पेनच्या ज्यूंना दिलेला आसरा, हैदराबादचे दवाखाने जमिनीत राहिले.

आदर सोडा असे मी म्हणत नाही. आदर हवाच. बगदादचे हजरत बिश्र हाफी यांच्याबद्दल सांगतात की वाटेत पायाखाली पडलेला अल्लाहच्या नावाचा कागद त्यांनी उचलला, अत्तर लावून जपून ठेवला आणि तिथून त्यांचे आयुष्य बदलले. आमच्या मशिदीजवळही जुन्या उर्दू कागदांसाठी पत्र्याची पेटी आहे. अल्लाहचे नाव पायदळी जाऊ नये म्हणून म्हातारी माणसे वाकून कागद उचलतात आणि त्यात टाकतात. ते दृश्य मला प्रिय आहे. पण बिश्र यांच्या गोष्टीतला मुद्दा अत्तर हा नाही. तो माणूस त्यानंतर बदलला, हा आहे. आदर हे दार आहे. आपण दारालाच फुले वाहून परत येतो.

प्रेम करणारा आत जातो. याचे उदाहरण आपल्याच विदर्भातले देतो, आणि ते मुसलमानाचे नाही. वर्ध्याजवळच्या पवनारला विनोबा भावे राहत. चाळिशी ओलांडल्यावर ते कुरआन मुळातून वाचता यावे म्हणून अरबी शिकले. वर्षानुवर्षे वाचले. १९४८ मध्ये फाळणीने उद्ध्वस्त झालेल्या मेव मुसलमानांना पुन्हा वसवण्यासाठी ते मेवातमध्ये काम करत होते. पुढे निवडक आयतींचे 'कुराण-सार' त्यांनी सिद्ध केले, ते १९६२ मध्ये निघाले, त्यावर टीकाही झाली. विनोबांची प्रत्येक गोष्ट आपल्याला पटेलच असे नाही. पण एक प्रश्न स्वतःला विचारू. ज्याच्यावर हा ग्रंथ वाचण्याचे कोणतेही बंधन नव्हते तो अरबी शिकला, आणि ज्यांच्या घरात तो पिढ्यान्‌पिढ्या आहे त्या आपल्यापैकी किती जणांनी तो अर्थासह एकदा तरी पूर्ण वाचला? आज मराठीत कुरआनची भाषांतरे सहज मिळतात. आता भाषेची सबबही राहिलेली नाही.

फळी आणि सातबारा

त्या लॉकडाऊनच्या रमजानमध्ये मीही ही सबब सोडली. फळीवरून वडिलांचे कुरआन काढले, शेजारी मराठी भाषांतर ठेवले आणि रोज थोडे थोडे वाचू लागलो. सूरह निसाला आलो. सातवी आयत, अकरावी आयत. आईबापांनी मागे ठेवलेल्यात मुलींचाही वाटा आहे, थोडे असो की फार. मुलाला दोन वाटे तर मुलीला एक. हे मला माहीत नव्हते असे नाही. वाजातून कितीदा ऐकले होते. पण ऐकणे वेगळे आणि रात्री एकट्याने, बोट ठेवून वाचणे वेगळे.

कारण वडिलांची सहा एकर जमीन माझ्या एकट्याच्या नावावर होती. आई त्यांच्या आधीच गेली होती. वारस आम्ही दोघेच, मी आणि बहीण. वडील गेल्यावर ती दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आली, हक्कसोडपत्रावर सही केली, अंगठा दिला, आणि तिथूनच एसटी पकडून सासरी गेली. तिने काही मागितले नाही, मी काही विचारले नाही. सगळ्यांच्या घरी असेच होते. माहेर तुटू नये म्हणून बहिणी सही करतात, आणि भाऊ त्याला बहिणीची माया म्हणतात. त्या दिवशी घरी येऊन मी पहिले काम काय केले असेल? वुजू करून वडिलांच्या कुरआनला चुंबन दिले, डोळ्यांना लावले आणि परत फळीवर ठेवले. आदरात कसूर नव्हती.

आपल्याला काय मिळाले, असे माझ्या भाच्याने विचारले होते. त्याला कल्पना नव्हती. त्याच्या आईला जे मिळायला हवे होते, ते माझ्याजवळ होते.

सहातली दोन एकर. हिशेब इतका सोपा होता. तिला सांगितले तर ती घाबरलीच. म्हणाली, "भाईजान, लोक म्हणतील भावाबहिणीत भांडण झाले." मी म्हणालो, लोकांना म्हणू दे. दोन महिने ती नाहीच म्हणत राहिली. मग एक दिवस फोन आला. "देताच आहात तर विहिरीकडची द्या." मी हसलो, आणि मनातून थोडे दुखलेही. विहिरीकडचीच जमीन चांगली आहे. तिलाही ते ठाऊक होते. शेवटी आपल्या वडिलांच्या शेतात ती माझ्यासारखीच वाढली आहे.

बक्षीसपत्र झाले, फेरफार झाला. सातबाऱ्यावर तिचे नाव आले. मी काही मोठे केले नाही. जे तिचे होते ते उशिरा दिले. मधल्या वर्षांत त्या दोन एकरांतला कापूस आणि सोयाबीन मीच विकले, तो हिशेब अजून बाकी आहे. तो चुकता केल्याशिवाय ही गोष्ट पुरी झाली असे मी म्हणणार नाही.

भाचा आता मोठा झाला आहे. मागच्या ईदला आला तेव्हा त्याने फळीकडे बघून विचारले, "मामू, कुरआन कुठे आहे?" ते रेहलवर होते, उघडे, मराठी भाषांतराच्या शेजारी. मी त्याला ओरहानच्या कागदाची गोष्ट सांगितली, स्टेशनमास्तरच्या चहाची सांगितली. उस्मान रात्रभर उभा राहिला की नाही हे अल्लाहला ठाऊक. राहिला असेल तर अल्लाह त्याला त्याचे फळ देवो. पण सकाळ झाल्यावर त्याने काय केले, हे विचारायला शिक, एवढेच त्याला म्हणालो.

अल्लाह आपल्याला त्याच्या ग्रंथाचा आदर देवो, तो उघडण्याचे प्रेम देवो, आणि वाचल्यावर दुसऱ्याचा हक्क परत करण्याची हिंमत देवो. आमीन.